पेपर झाला, निकाल यायचाय: सीएफए लेव्हल टूनंतरच्या आठवड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएफए, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट, ही गुंतवणूक क्षेत्रातली तीन लेव्हलची परीक्षा. तिची लेव्हल टू देऊन मला आज बावीस दिवस झाले. निकालाला अजून काही आठवडे आहेत. या दिवसांत लोकांनी मला जे विचारलं आणि रात्री दिवा मालवल्यावर मी स्वतःला जे विचारलं, ते इथे एकत्र करते आहे. मी पास की नापास हे मला माहीत नाही, आणि आत्ताच लिहायला बसण्याचं कारणही तेच आहे. निकाल लागला की यातलं एकही वाक्य मला असंच्या असं लिहिता येणार नाही. पास झाले तर "अभ्यासच तसा केला होता" असं वाटेल, नापास झाले तर "मला तेव्हाच कळलं होतं" असं. दोन्ही खोटं असेल.

पेपर कसा गेला?

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "काही खरं नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तसा ठीक गेला." दहाव्या दिवशी पुन्हा "काही खरं नाही." पेपर तोच, माझी उत्तरंही तीच, एकदा पाठवली ती पाठवली. बदलत होतं ते त्या त्या दिवशी मला काय आठवलं ते. म्हणून आता या प्रश्नावर मत देणं मी सोडून दिलंय, घडलं तेवढं सांगते.

पहिलं सत्र वेळेत संपलं, शेवटी सहा मिनिटं हातात होती. दुसऱ्या सत्रात एका व्हिनेटवर, म्हणजे एक हकीकत आणि तिच्यावरचे प्रश्न अशा गटावर, मी अडकले. ते उघडलं तेव्हा घड्याळात एक तास एकवीस मिनिटं उरली होती, आणि पुढच्या व्हिनेटवर गेले तेव्हा एक तास चार. म्हणजे जिथे बारा मिनिटं द्यायची तिथे सतरा दिली. तक्त्यातला स्तंभ मी चुकीचा वाचत होते. आकडा जुळेना म्हणून तीच आकडेमोड तीनदा केली, पण स्तंभाचं डोकं एकदाही वर जाऊन वाचलं नाही. तिथे गेलेल्या पाच मिनिटांची भरपाई पुढे करता आली नाही आणि शेवटच्या व्हिनेटला आठच मिनिटं मिळाली. त्यातला एक प्रश्न मी नीट वाचलासुद्धा नाही, पर्याय निवडून पुढे गेले.

एवढं मला खात्रीने माहीत आहे. बाकी सगळा अंदाज.

या परीक्षेचं स्वरूप नेमकं कसं असतं?

लेव्हल टूला 88 प्रश्न असतात, पण सुटे नाहीत. एक-दीड पानाची हकीकत आणि तक्ते देतात, त्याला व्हिनेट म्हणतात, आणि त्यावर चार प्रश्न. अशी 22 व्हिनेटं. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोन सत्रं, प्रत्येकी 2 तास 12 मिनिटांचं. एका सत्रात 11 व्हिनेटं, म्हणून एकाला 12 मिनिटं. वाचण्यातच तीन-चार मिनिटं जातात हे धरलं तर हिशेबाला उरतात आठ. कॅल्क्युलेटर दोनच प्रकारचे चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपी 12सी. पहिली परीक्षा 1963 साली झाली. कागदावरची परीक्षा जाऊन संगणकावरची आली ती 2021 पासून.

लेव्हल वन सहज सुटली होती. मग टू एवढी का झोंबते?

लेव्हल वनला 180 प्रश्न असतात आणि एकेका प्रश्नाला दीड मिनिट. तिथे आवाका मोठा, खोली कमी. सूत्र आठवलं की बरेचदा काम भागतं. लेव्हल टूमध्ये सूत्र पाठ असूनही माणूस उभ्या उभ्या बुडतो, कारण कुठला आकडा त्या सूत्रात घालायचा हे ठरवण्यातच खरा प्रश्न असतो.

एक उदाहरण देते. हे अभ्यासक्रमात आहे. माझ्या पेपरात होतं की नव्हतं हे मी सांगणार नाही, का ते खाली येईलच.

कंपनीची एक परदेशी उपकंपनी आहे. तिच्याकडे रोख रक्कम आणि येणी मिळून 40, माल आणि यंत्रं मिळून 100, आणि डोक्यावर कर्ज 90. निव्वळ मालमत्ता 50. आता तिथलं चलन दहा टक्क्यांनी घसरलं. मूळ कंपनीला नफा झाला की तोटा?

उपकंपनीचे हिशेब मूळ कंपनीच्या चलनात आणायच्या दोन पद्धती आहेत. करंट रेट पद्धतीत सगळी मालमत्ता आणि सगळी देणी आजच्या दराने बदलायची. मग दहा टक्क्यांचा फटका निव्वळ 50 वर बसतो, म्हणजे 5 चा तोटा, आणि तो थेट भागभांडवलाच्या बाजूला जाऊन बसतो. टेम्पोरल पद्धतीत खरेदी किमतीला धरलेला माल आणि यंत्रं जुन्याच दराने राहतात. आजचा दर लागतो तो रोख, येणी आणि कर्ज एवढ्यांनाच. त्यांची बेरीज 40 वजा 90, म्हणजे उणे 50. चलन घसरलं, कर्ज हलकं झालं, 5 चा नफा. आणि हा नफा नफा-तोटा पत्रकात येतो.

कंपनी एक, घसरण एक. एका पद्धतीत 5 चा तोटा, दुसऱ्या पद्धतीत 5 चा नफा.

यावर मी दोन महिने एक तक्ता पाठ करत होते: कुठल्या ओळीला कुठला दर, सोळा रकाने. उघडझाप करणाऱ्या दिव्यासारखा तो तक्ता कधी आठवायचा, कधी नाही. कर्ज हलकं होतं म्हणून नफा, हे वाक्य मला सुचलं ते परीक्षेनंतर चौथ्या दिवशी, भांडी घासताना. तेव्हापासून तो तक्ता आठवायची गरज पडलेली नाही. पेपर संपल्यावर समजलेल्या गोष्टीचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. मला तो झाला. आपण कुठे समजून घेतलं आणि कुठे नुसतं पाठ केलं, यातली रेघ मला त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट दिसली.

चुकलेलेच प्रश्न सारखे का आठवतात?

कारण ते मनात संपलेले नसतात. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली मांडलं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत तो परिणाम दरवेळी तसाच दिसला नाही, पण परीक्षा देऊन आलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल.

मी मोजून पाहिलं. पहिल्या आठवड्यात मला 88 पैकी 19 प्रश्न कमी-अधिक आठवत होते. त्या 19 पैकी 13 असे, की जिथे मी अडखळले होते. उरलेले 69 प्रश्न माझ्या मनात कुठेच नाहीत. ते आले, सुटले किंवा चुकले, आणि निघून गेले. आणि मी रात्री छताकडे बघत निकाल काढत होते तो या 19 वरून! नमुना असा निवडला तर कुठलाही निष्कर्ष चुकीचाच येणार, हे आपण क्वांटमध्ये, म्हणजे संख्याशास्त्राच्या विषयात, शिकतो. इतरांच्या आकड्यांना लावलेला नियम मी स्वतःला लावायला दहा दिवस घेतले.

बऱ्याच प्रश्नांना अंदाजाने ठोकलं. त्यातले किती बरोबर येतील?

हे मात्र मोजता येतं. समजा 15 प्रश्नांना डोळे मिटून पर्याय निवडला. तीन पर्याय आहेत, तर सरासरी 5 बरोबर येतील आणि प्रमाणित विचलन साधारण 1.8. म्हणजे बहुतेक वेळा 3 ते 7 च्या मध्ये कुठेतरी. आता त्याच 15 मध्ये एकेक पर्याय खात्रीने खोडता आला असेल तर सरासरी साडेसात होते. अडीच गुणांचा फरक, आणि तो नशिबाचा नाही, अर्धवट का होईना पण अभ्यासाचा आहे. ज्याला आपण "ठोकलं" म्हणतो त्यातलं बरंचसं ठोकणं या दुसऱ्या प्रकारचं असतं.

आणि एक अख्खं व्हिनेट हातचं गेलं तरी ते 88 पैकी 4, म्हणजे साडेचार टक्के. लागतं, पण एकट्याने बुडवत नाही. बहुतेक विषयांना 5 ते 15 टक्क्यांच्या मधलंच वजन आहे, त्यामुळे एक विषय हुकला म्हणजे सगळं गेलं असंही नाही.

शेवटच्या मिनिटाला उत्तर बदललं. आधीचंच बरोबर असेल का?

ही चुटपुट मला सगळ्यात जास्त दिवस पुरली. मग क्रुगर, विर्ट्झ आणि मिलर यांचा 2005 सालचा अभ्यास वाचला. त्यांनी 1,561 विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीवरून बरोबर झाली होती, 25 टक्के बरोबरवरून चूक. म्हणजे बदलणं दुप्पट वेळा फायद्याचं ठरलं. तरी लोकांना उलटंच वाटतं, कारण हातातलं बरोबर उत्तर घालवल्याची हळहळ फार काळ टिकते, आणि बदलून बरोबर आलेलं उत्तर कुणी आठवत बसत नाही.

कटऑफ किती लागेल?

माहीत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्यालाही माहीत नाही. कटऑफची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे.

किमान उत्तीर्ण गुण ठरवताना सुधारित अँगॉफ पद्धत वापरतात. विल्यम अँगॉफ यांनी 1971 साली तिची कल्पना मांडली. विषयातले जाणकार एकेक प्रश्न घेऊन बसतात आणि विचार करतात, जेमतेम लायक असलेला उमेदवार हा प्रश्न सोडवू शकेल का? अशा सगळ्या प्रश्नांवरच्या मतांवरून एक आकडा निघतो आणि तो अंतिम निर्णयाचा आधार होतो. पेपर अवघड असेल तर पातळी त्याप्रमाणे खाली येते, सोपा असेल तर वर जाते. यात "इतके टक्केच पास करायचे" असा कोटा नसतो. जुलै 2021 मध्ये लेव्हल वनला फक्त 22 टक्के लोक पास झाले. कोटा असता तर असा आकडा आलाच नसता.

त्यामुळे "पेपर फारच अवघड होता" हे वाक्य ऐकून घाबरण्यासारखं काही नाही, आणि "सोपा होता" हे ऐकून खूश होण्यासारखंही नाही. तो जेमतेम लायक उमेदवार कोण, आणि मी त्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच प्रश्न उरतो. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आवडतो. कुणाच्या पुढे गेले यापेक्षा कुठल्या रेषेपर्यंत पोचले हे विचारणारी परीक्षा मला न्याय्य वाटते.

मैत्रिणीबरोबर उत्तरं जुळवून बघू का?

नाही. आणि हे मी मनःशांतीसाठी सांगत नाही.

ही परीक्षा घेणाऱ्या सीएफए इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेतलं सातवं मानक, त्याचा पहिला भाग, उमेदवारांच्याच वागणुकीबद्दल आहे. परीक्षेतल्या प्रश्नांचे तपशील तर सांगायचे नाहीतच, पण ढोबळमानाने कुठले विषय आले, कुठलं सूत्र आलं किंवा आलं नाही, हेही सांगायचं नाही. "अवघड होता", "वेळ पुरला नाही" असं मत सांगायला हरकत नाही. मानकाच्या चौकटीत राहून इतकं बोलता येतं.

माझी एक मैत्रीण त्याच आठवड्यात बसली होती. तिने फोनवर सुरुवात केली, "अगं, तुला तो प्रश्न आला का, ज्यात…" मी म्हणाले, "नको, थांब." दोन सेकंद ती गप्प. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं." त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो, भीतीबद्दल, झोपेबद्दल, ती मधल्या सुट्टीत किती पाणी प्यायली याबद्दल. तो फोन मला परीक्षेनंतरचा सगळ्यात चांगला फोन वाटला.

नीतिमत्तेच्या ज्या विषयाला लेव्हल टूमध्ये 10 ते 15 टक्के वजन आहे, तो विषय परीक्षा केंद्राच्या दारात संपत नाही. लोकांचे पैसे सांभाळायला निघालेल्या माणसाने कुणी बघत नसताना काय केलं, हे तपासायची पहिली संधी नेमकी या वाट बघण्याच्या आठवड्यांत मिळते.

निकालाआधी नोंद लिहून ठेवा, असं तुम्ही सगळ्यांना का सांगता?

कारण निकाल हा आठवणीवरचा रंग आहे. बारूख फिशहॉफ यांनी 1975 साली दाखवलं की एखाद्या घटनेचा शेवट कळला की माणसाला वाटू लागतं, हे आपल्याला आधीपासून माहीतच होतं. आणि बॅरन आणि हर्शी यांनी 1988 साली दाखवलं की निर्णय तोच असला तरी परिणाम चांगला लागला तर लोक त्या निर्णयाला चांगला म्हणतात, वाईट लागला तर वाईट. गुंतवणूकदारांच्या या खोडी आपण पुस्तकात शिकतो. परीक्षा दिलेल्या माणसाला त्या जशाच्या तशा लागतात.

मी ही चूक लेव्हल वनच्या वेळी केली. पास झाले, आणि पास झाल्यामुळे माझ्या अभ्यासाची पद्धत बरोबर आहे असं धरून बसले. ती पद्धत म्हणजे शेवटच्या सहा आठवड्यांत रात्री जागून सूत्रं घोकायची. लेव्हल टूचा अर्धा अभ्यास मी तसाच केला. पहिल्या मॉकने, म्हणजे सराव पेपरने, तोंडावर आपटेपर्यंत मला शंकासुद्धा आली नाही. लेव्हल वननंतर निकालाआधी चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्यात "डेरिव्हेटिव्ह्ज काहीच कळलं नाही, नशिबावर सोडलं" हे वाक्य नक्की आलं असतं, आणि दीड वर्षाने ते मला दिसलं असतं.

मग त्या नोंदीत लिहायचं काय?

प्रश्न नाहीत. हे पहिलं. वही स्वतःची असली तरी प्रश्न लिहायचे नाहीत.

लिहायचं ते आपल्याबद्दल. कुठे घाई झाली, कुठे हात थरथरला, अभ्यासाच्या महिन्यांत कुठला विषय सारखा पुढे ढकलला. सीएफए इन्स्टिट्यूट एका लेव्हलला 300 तासांचा अभ्यास सुचवते. माझे भरले 340. पण वहीत मी प्रामाणिकपणे विभागणी केली तेव्हा त्यातले शंभरेक तास नुसते व्हिडिओ बघण्यात गेलेले निघाले, पेन हातात न घेता. हे पालथ्या घड्यावर पाणी होतं, आणि ते मला आकड्यात दिसलं.

आणखी एक प्रसंग वहीत आहे, तो मॉकचा. कॅल्क्युलेटरवर हप्ता सुरुवातीला धरायचा की शेवटी, याची सेटिंग असते. आधीच्या दिवशी मी ती सुरुवातीवर ठेवली आणि विसरले. पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत ती खूण दिसते, पण बघतंय कोण. 100 चे दहा हप्ते, 8 टक्के दर, आजची किंमत 671.01 यायला हवी, येत होती 724.69. आणि पर्यायांत 724.69 होतं! मी ते आनंदाने निवडलं. पेपर काढणाऱ्याला माझी चूक माझ्याआधी माहीत होती. तेव्हापासून कुठलाही हिशेब सुरू करायच्या आधी माझी नजर त्या वरच्या कडेला जाते.

शेवटी अभ्यासक्रमातले दहाही विषय एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येकासमोर आपला अंदाज मांडायचा. तारीख टाकायची. पुन्हा खाडाखोड करायची नाही.

वाट बघताना लेव्हल थ्रीचा अभ्यास सुरू करावा का?

मी केलेला नाही. ज्यांना नुसतं बसवत नाही त्यांनी करावा, पण हलक्या हाताने. 2025 पासून थ्रीमध्ये तीन वाटा आहेत: पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, प्रायव्हेट वेल्थ आणि प्रायव्हेट मार्केट्स. आपली वाट कुठली याचा विचार करणं हेच या आठवड्यांचं चांगलं काम आहे. थ्रीमध्ये लिहायची उत्तरंही असतात, तेव्हा एखादी गोष्ट दोन ओळींत स्वच्छ लिहायचा सराव आत्ताच सुरू केला तर वाया जाणार नाही.

बायोडाटात काय लिहू?

निकाल येईपर्यंत तुम्ही "लेव्हल टू उमेदवार" आहात. पेपर दिलाय आणि निकाल आलेला नाही, या काळात हा शब्द वापरता येतो. लेव्हल वन पास असाल तर तेही लिहा. "लेव्हल टू पास होण्याची अपेक्षा" असं काही लिहायचं नाही, आणि नावापुढे "सीएफए लेव्हल टू" अशी पदवीसारखी शेपटी लावायची नाही. अर्धवट पदवी अशी काही गोष्टच नाही. पूर्ण चार्टरला, म्हणजे नावापुढे सीएफए लावायला, तिन्ही लेव्हलबरोबर किमान 36 महिन्यांत मिळवलेला 4,000 तासांचा कामाचा अनुभवही लागतो.

घरचे रोज विचारतात, "कधी लागतो गं निकाल?" काय सांगू?

लेव्हल टूला साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. हे एकदाच नीट सांगा. माझ्या आईला मी कॅलेंडरवर खूण करून दिली. त्यानंतर तिने विचारणं बंद केलं, पण रोज त्या खुणेकडे बघते, आणि मी ते बघते. काळजी करणाऱ्या माणसाला थांबवता येत नाही. त्यांचाही जीव टांगणीला लागलेला असतो, आणि त्यांच्याकडे तर आठवायला 19 प्रश्नसुद्धा नसतात.

मन कशातच लागत नाही. हे बरोबर आहे का?

केट स्वीनी या संशोधिकेने वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाची वाट बघणाऱ्यांचा अभ्यास केला. 2016 साली आलेल्या त्या लेखातला निष्कर्ष मला धीर देऊन गेला: मन शांत ठेवायच्या नेहमीच्या युक्त्यांनी वाट बघणं फारसं सुसह्य होत नाही. आणि ज्यांनी हे आठवडे तळमळत काढले, त्यांनी वाईट बातमी जास्त समर्थपणे घेतली आणि चांगल्या बातमीचा आनंदही त्यांना जास्त झाला. म्हणजे तळमळ हा दोष नाही. याच विषयावरच्या पुढच्या कामात, ज्यात माणूस हरवून जातो असं काम वाट बघताना मदत करतं, असं दिसलं. मी जुन्या कपड्यांचं शिवणकाम काढलंय. टाका सरळ घालायचा असेल तर दुसरं काही सुचत नाही.

झोप मात्र आठवडाभर उडाली असेल आणि जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. निकालापर्यंत थांबू नका.

निकाल कसा येतो?

ईमेलने, आणि तुमच्या खात्यात तपशील दिसतो. पास की नापास हे तर असतंच, शिवाय एका आलेखावर तुमची कामगिरी आणि किमान उत्तीर्ण पातळीची रेष, आणि विषयवार तुम्ही कुठे होतात तेही. एक गोष्ट तपासून ठेवा: प्रॅक्टिकल स्किल्स मॉड्यूल, म्हणजे पेपराव्यतिरिक्तचा प्रात्यक्षिकाचा भाग, पूर्ण झालंय ना? ते राहिलं तर निकाल अडकतो, आणि या घाईत ते अनेकांचं राहून जातं.

नापास झाले तर?

एका लेव्हलला सहा वेळा बसता येतं, एका वर्षात जास्तीत जास्त दोनदा, आणि दोन प्रयत्नांत सहा महिन्यांचं अंतर लागतं. हे नियम झाले.

माझ्याबद्दल विचाराल तर मला भीती वाटते. नापास शब्दाची कमी, पण पुन्हा तीच सहा पुस्तकं उघडायची त्याची जास्त. मी बसेन, हे नक्की. पण त्या संध्याकाळी कुणी मला लगेच "पुढच्या वेळी होईल" असं म्हणू नये, एवढी माझी इच्छा आहे. तीनशे चाळीस तास हे कुणाचे तरी रविवार असतात. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ वाईट वाटू द्यावं. दुसऱ्या दिवशी वही काढायची.

निकालाच्या दिवशी तुम्ही स्वतः काय करणार?

ईमेल उघडायच्या आधी तो दहा विषयांचा कागद टेबलावर काढून ठेवणार. मग निकाल बघणार, हसणार किंवा रडणार, आईला फोन करणार, आणि रात्री कधीतरी आलेख आणि कागद शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवणार. फिक्स्ड इन्कमसमोर मी "70 टक्क्यांच्या वर" असं लिहिलंय आणि त्याखाली दोनदा रेघ मारलीय. पास असेन तरी, तो अंदाज चुकला असेल तर मला ते बघायचंय.